बटण इतकं पुढे गेलं कसं?

मित्रांनो, माझा पत्ता कपड्यांच्या कपाटातला आहे. खालची फळी. डाव्या हाताला थंडीचे कोट, उजव्या हाताला रजया. तरी मला कुणी अंगात घालत नाही की पांघरत नाही. मी एक जुना प्रीअँप आहे.

नाव ऐकून दचकू नका. काम माझं साधं आहे. तुम्ही माइकसमोर बोलता ना, तेव्हा माइकमधून निघणारा आवाज फार म्हणजे फारच बारीक असतो. मुंगीनं जांभई द्यावी तेवढा. तो तसाच कंप्युटरकडे पाठवला तर कंप्युटर म्हणेल, "काय? काही म्हणालात का?" म्हणून मध्ये मी बसतो. त्या बुटक्या आवाजाच्या पायाखाली मी एक स्टूल सरकवतो, म्हणजे तो सगळ्यांना दिसतो. स्टूल किती उंच हवं, हे माझ्या तोंडावरचं गोल बटण ठरवतं. आवाज लहान असला की बटण पुढे फिरवायचं, मोठा असला की मागे आणायचं.

मला एका रेडिओ दुरुस्त करणाऱ्या काकांनी घडवलं. त्यांचं दुकान इतकं चिंचोळं होतं की गिऱ्हाईक आत आलं की काकांना पोट आत घ्यावं लागे. त्यांनी पत्रा कापून माझी पेटी वाकवली आणि कथलाचे डाग देऊन माझ्या पोटातला एकेक भाग जोडला. डाग देताना ते श्वास रोखून धरत आणि काम झालं की फुस्सकन सोडत. त्यातले काही श्वास माझ्या पोटात राहून गेले असावेत, कारण मी अगदी गप्प बसलो तरी माझ्यातून एक बारीकसा सूंऽऽ आवाज येत असतो. आमच्या जातीत सगळ्यांनाच तो असतो, कुणाला कमी, कुणाला जास्त. पण समोरचं माणूस नीट बोललं की तो कानावर येत नाही. घरात गप्पा रंगल्या की भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक कुणाला ऐकू येते?

सगळे लोक माइक तपासताना "हॅलो, हॅलो" करतात. काका मात्र मला विचारायचे, "काय रे, जेवलास का?" मग हेडफोन कानाला लावून स्वतःचाच आवाज ऐकायचे आणि मान डोलवायचे, "जेवलाय, जेवलाय. जाऊ दे ह्याला कामावर."

मी कामावर गेलो तो एका छोट्या स्टुडिओत. तिथल्या ध्वनिमुद्रकाला सगळे मामा म्हणत. माझ्यातून दुकानांच्या जाहिराती गेल्या, "कृपया रांग सोडू नका" अशा सूचना गेल्या, नाटकातली भांडणं गेली. एक नट होता, त्याचा आवाज म्हणजे पिंपात दगड टाकावा तसा. तो आला की मामा माझं बटण पार मागे आणत आणि म्हणत, "आज तुला सुट्टी रे बाबा." दुसरी एक बातम्या वाचणारी बाई होती. तिला सदा सर्दी. तिच्या शिंकेनं माझा लाल दिवा लागायचा. आवाज फार मोठा झाला की तो लागतो. बाहेरून कुणी पाहुणा आला की मामा माझ्या डोक्यावर थाप मारून सांगत, "आमचा हा गडी कधी दगा देत नाही." खोटं कशाला बोलू, तेव्हा माझी कॉलर जरा ताठ झाली होती.

मग दिवस बदलले. जो तो घरी रेकॉर्डिंग करू लागला आणि मामांनी स्टुडिओला कुलूप लावलं. मी एका खोक्यात जाऊन पडलो. वर वायरींची गुंतवळ आणि त्यात एका कोळ्याचा सुखाचा संसार. तिथे किती काळ गेला, मला सांगता येणार नाही. खोक्यात सगळे दिवस एकाच रंगाचे असतात.

एके दिवशी खोकं उघडलं. समोर मामा होते आणि शेजारी एक मुलगी. तिला मी ओळखत होतो. रांगेच्या त्या सूचना तीच वाचायची.

"घेऊन जा पोरी," मामा म्हणाले. "भंगारात द्यायला हात होत नाही."

अशा रीतीनं मी ह्या कपाटात आलो. तिचं घर रस्त्याला लागून. खोलीत माइक ठेवला की गोष्टीतल्या राजकन्येबरोबर टेम्पोसुद्धा बोलायचा. म्हणून तिनं हे कपाट शोधलं. दार उघडायचं, उशी टाकून खाली बसायचं, माइक कोटांमध्ये टांगायचा आणि डोकं आत घालून वाचायचं. कोट आणि रजया सगळा गोंगाट पिऊन टाकतात. तिचा नवरा पहिल्यांदा हे बघून म्हणाला, "लोकांच्या बायका आरशासमोर बसतात, माझी कपाटात बसते."

ती मुलांच्या गोष्टींची पुस्तकं वाचायची. एक प्रकाशनसंस्था ती ध्वनिमुद्रित करून विकत असे. कितीतरी मुलांनी तिचा आवाज ऐकत जेवण संपवलं असेल. माझं बटण कुठे ठेवलं की तिचा आवाज छान बसतो, हे सापडल्यावर तिनं तिथे नेलपॉलिशचा एक लाल ठिपका दिला आणि मला दम भरला, "इथेच राहायचं हं, शहाण्यासारखं." मी राहिलो. ते आमचे सुखाचे दिवस होते.

मग घरात भोंगा आला.

भोंगा म्हणजे तिची लेक. खरं नाव दुसरं आहे, पण ती पहिल्यांदा रडली तेव्हा तिचा बाबा म्हणाला, "बाळ कसलं, हा तर भोंगा आहे!" आणि तेच चिकटलं. भोंगा जागा असेल तोवर त्याच्या आईला दुसरं काही करता येत नसे. दुपारी तो झोपला की ती पावलं न वाजवता यायची, कपाटाचं दार कुरकुरू नये म्हणून वर उचलून धरत उघडायची आणि वाचायला बसायची. पाळणा त्याच खोलीत. एक कान पुस्तकाकडे, एक पाळण्याकडे.

मला आठवतं, बटण पहिल्यांदा ठिपक्याच्या जरासं पुढे गेलं. एका केसाएवढं. काही दिवसांनी आणखी थोडं. तिच्या लक्षात आलं नाही, कारण रोज ती कालच्यापेक्षा जरासंच पुढे फिरवत होती. मला कळत होतं. पण मी काय सांगणार? मला आवाज वाढवता येतो, बोलता येत नाही. शेवटी बटण इतकं पुढे गेलं की त्याच्या पलीकडे फिरायला जागाच उरली नाही.

आणि मग एका सकाळी फोन आला. प्रकाशनसंस्थेच्या संपादिकाबाईंचा. ती भोंग्याला भरवत होती, म्हणून तिनं फोन स्पीकरवर टाकला.

"ताई, नमुना ऐकला. वाचन गोडच आहे तुमचं. पण मागे सारखं सूंऽऽ येतंय हो. कुठेतरी नळ गळत असल्यासारखं."

"पंखा तर मी बंद करते, मॅडम."

"मागचं पुस्तकही थोडं तसंच होतं. ते मी चालवून घेतलं. पण हे होडीवालीचं पुस्तक मोठं आहे, त्याचे पुढचे भागही यायचेत. तुमचं मशीन जुनं झालंय का बघा. सोमवारपर्यंत पहिलं प्रकरण स्वच्छ पाठवा, नाहीतर मला दुसरीकडे द्यावं लागेल. राग मानू नका हं."

"नाही नाही, राग कसला," ती म्हणाली. फोन ठेवल्यावर बराच वेळ तिच्या हातातला चमचा तसाच राहिला. शेवटी भोंग्यानंच तो ओढून घेतला.

मित्रांनो, ते पुस्तक तिला मनापासून हवं होतं. नदीच्या काठावर राहणारी एक होडीवाली आणि तिच्या होडीतून जाणारी माणसं, अशी ती गोष्ट. त्यात सगळ्यांचे आवाज एकट्या तिनंच काढायचे होते. असं काम तिच्याकडे पहिल्यांदाच आलं होतं. बाळ झाल्यापासून एकेक काम गळत गेलं होतं. हे गेलं असतं तर पुढे फोन येतच राहतील, असं तिला वाटत नव्हतं.

आता तिच्या नवऱ्याबद्दल सांगतो. तो चष्म्याच्या दुकानात काम करतो. दिवसभर लोकांच्या डोळ्यांसमोर काचा धरून विचारत असतो, "ही बरी की ही?" माणसाला धूसर दिसायला लागलं की नवी काच द्यायची, हा त्याचा धंदा. त्यामुळे कुठलीही अडचण आली की त्याच्या डोक्यात आधी नवी वस्तू येते. मनानं मात्र फार चांगला. त्याच संध्याकाळी तो एक खोकं घेऊन आला.

"नवा प्रीअँप! ओळखीच्या दुकानातून आणलाय. रविवारपर्यंत वापरून बघ, पसंत पडला तर ठेवायचा, नाहीतर परत."

"आणि हा?" तिनं माझ्याकडे बोट दाखवलं.

"ह्याला आता पेन्शन देऊ या. बिचाऱ्यानं खूप केलं."

खोकं म्हणजे काय, ते मला ठाऊक होतं.

रविवारी दुपारी भोंगा झोपल्यावर परीक्षा सुरू झाली. नवा माझ्या शेजारी येऊन बसला. चंदेरी, चपटा, अंगावर ओरखडा नाही. तिनं आधी त्याला वायर लावली आणि एक पान वाचलं. मग दोघांनी एकेक हेडफोन कानाला लावून ऐकलं.

"आहे का रे सूं?"

"आहे. पण कमी आहे," नवरा कुजबुजला.

"कमी आहे, पण आहे."

"आता जुना लाव. म्हणजे कळेल, हा बरा की हा."

तिनं वायर मला लावली, बटण नेहमीसारखं शेवटापर्यंत फिरवलं आणि तेच पान वाचायला घेतलं. होडीवाली नदीपलीकडच्या माणसाला हाक मारते, तो भाग. मी जीव तोडून काम करत होतो. तिचा आवाज इतका खाली, इतका लांब होता की त्याला वर आणताना माझा स्वतःचा श्वासही त्याच्याबरोबर वर येत होता. नवा बराच सरस आहे, हे मला कबूल होतं. माझी आजची ही शेवटची दुपार, अशी मी मनाची तयारी करून टाकली.

तेवढ्यात नवऱ्याच्या कोपरानं कपाटातला एक हँगर खाली पडला.

भोंगा उठला. त्यानं एकदा इकडेतिकडे पाहिलं, आई दिसली नाही, आणि मग जे वाजलं ते वाजलं! माझा लाल दिवा लागला तो विझेचना. बाबानं त्याला धावत उचलून आणलं, आईनं मांडीवर घेतलं, तर तो थेट माइकच्या तोंडाशी येऊन रडू लागला. तिच्या हेडफोनमध्ये एवढा मोठा भोंगा वाजला की तिनं घाईघाईनं माझं बटण मागे, मागे, पार मागे फिरवलं. रेकॉर्डिंग बंद करायचं दोघांच्याही ध्यानात राहिलं नाही.

भोंगा हुंदक्यांवर आला तेव्हा नवरा हसून म्हणाला, "लाव की जरा. आजीला पाठवू या."

तिनं ऐकायला लावलं. सुरुवातीचा भाग फाटलेला होता. मग बटण मागे गेल्यावरचं रडणं आलं, गोल, स्वच्छ, अगदी नाकातल्या सूं-सूंसकट. नवरा हसत होता. ती मात्र हसायची थांबली. तिनं तो भाग पुन्हा ऐकला. मग पुन्हा.

"अरे, ऐक ना. दोन हुंदक्यांच्या मध्ये काय ऐकू येतंय?"

त्यानं कान दिला. "काहीच नाही."

"काहीच नाही ना? मग सूं कुठे गेलं? मशीन तर जुनंच आहे!"

तिनं वाकून माझ्याकडे पाहिलं. लाल ठिपका आणि बटणाची खूण ह्यांच्यातलं अंतर तिनं तेव्हा पहिल्यांदा नीट बघितलं असावं. बटण भोंग्यासाठी मागे आलं होतं. थोड्या वेळापूर्वी ते कुठे होतं, हेही तिला आठवत होतं. तिनं मघाचं स्वतःचं वाचन लावलं. हेडफोन नवऱ्याच्या दोन्ही कानांवर ठेवले.

"ही तर गुपित सांगतेय," तो म्हणाला. "होडीवाली नदीपलीकडच्या माणसाला हाक मारतेय ना? अशी हाक तर मला कपाटाबाहेर ऐकू येणार नाही."

"मी कुजबुजतेय," ती म्हणाली. "कधीपासून कोण जाणे, मी कुजबुजतेच आहे."

भोंगा आईच्या बांगडीशी खेळायला लागला होता.

"मग नवा ठेवायचा की परत करायचा?" नवऱ्यानं विचारलं.

"परत."

"अगं, पण जुन्यापेक्षा थोडा बरा आहे ना?"

"आहेच बरा. पण मला थोडं बरं नकोय. मला तोंड उघडून वाचायचंय."

"मग वाच की! नाही कोण म्हणतंय?"

तिनं मांडीवरच्या भोंग्याकडे पाहिलं. मग शांतपणे म्हणाली, "कुणी नाही म्हणत नाही रे. म्हणावंच लागत नाही. ही झोपलेली असते तेव्हाच मला वेळ असतो, आणि ही झोपलेली असते तेव्हाच मला बोलता येत नाही."

नवऱ्यानं चंदेरी प्रीअँप हातात घेऊन उगाचच उलटासुलटा केला. यंत्र आणणं त्याला सोपं होतं, खोकं उघडलं की झालं. हे काही खोक्यात मिळणारं नव्हतं.

"दुकान उघडायच्या आधी मी हिला घेऊन जाऊ शकतो," तो शेवटी म्हणाला. "खाली, चौकातल्या बागेत."

"रोज?"

"रोज."

"रडेल ती."

"रडू दे. तिचं रेकॉर्डिंग छान होतं."

दुसऱ्या दिवशी सोमवार. सकाळी बाप-लेक निघाले. टोपी राहिली म्हणून परत आले. पुन्हा निघाले. दुपटं राहिलं म्हणून परत आले. "आता काही राहिलं असेल तर खिडकीतून टाकीन!" ती म्हणाली आणि दार लागलं.

तिनं माझं बटण ठिपक्यावर आणलं, पुस्तक उघडलं आणि वाचायला सुरुवात केली. काय सांगू मित्रांनो, आवाज तोच! तेवढाच बारीक. पाळणा रिकामा, घर रिकामं, तरी तिची नजर दर ओळीला पाळण्याकडे जात होती. तिनं हेडफोन काढले आणि स्वतःवरच चिडून म्हणाली, "अगं, कुणी नाहीये घरात!" पण तेसुद्धा ती कुजबुजलीच.

घड्याळ पुढे चाललं होतं. ती उठली. उशी बाजूला सारली, कोट ढकलले, माइक वर टांगला आणि उभी राहिली. पाय रोवून. पुस्तकात होडीवालीच्या हाकेचं पान काढलं. पहिली हाक अर्ध्यातच फाटली आणि तिला खोकला आला. दुसरी जरा बरी आली. मग तिनं मोठा श्वास घेतला, माझ्या काकांनी डाग देताना घेतला असेल तेवढा, आणि—

"होऽऽऽ! कोण उभं आहे रे पलीकडे?"

माझा लाल दिवा फटकन लागला. तिचा आवाज कपाटात मावला नाही, खोलीतही मावला नाही. वरच्या मजल्यावरची खिडकी उघडली.

"काय झालं गं?" वरच्या काकूंनी विचारलं.

"काही नाही काकू! होडी सोडतेय!"

"सोड बाई, सोड," काकू म्हणाल्या आणि खिडकी लागली.

ती एकटीच खूप हसली. हसताना तिनं डोळेही पुसले. मग माझं बटण ठिपक्याच्याही मागे आणलं आणि पहिल्या ओळीपासून वाचायला घेतलं. म्हातारा प्रवासी घोगरा झाला, लहान मुलगी चिवचिवली, नदी संथ वाहिली. मला फार थोडं काम होतं. स्टूलसुद्धा नको होतं त्या आवाजाला, तो आपल्या पायांवर उभा होता. त्याच्या मागे मी सूं करत होतो की नाही, ते माझं मलाही कळलं नाही.

बाप-लेक परतले तेव्हा बाबाच्या पँटला गुडघ्यांपर्यंत माती होती आणि केस उभे होते.

"झालं?" त्यानं विचारलं.

"झालं!" ती म्हणाली, इतक्या खणखणीत की भोंगा दचकला. रडावं की हसावं ह्याचा त्यानं थोडा विचार केला आणि मग हसला.

"चष्म्याच्या दुकानात निदान गिऱ्हाईक माती खात नाही," असं म्हणत नवरा हात धुवायला गेला.

संध्याकाळी संपादिकाबाईंचा फोन आला.

"ताई, किती स्वच्छ झालंय! मशीन नवीन घेतलं वाटतं?"

"मशीन तेच आहे, मॅडम. घरातली माणसं कामाला लावली."

"लावलेलीच बरी असतात," बाई म्हणाल्या. "पुस्तक तुमचंच हं."

चंदेरी प्रीअँप आपल्या खोक्यात बसून परत गेला. मला त्याचं वाईट वाटलं. सभ्य होता बिचारा, आणि कुठेतरी त्याला नक्की चांगलं घर मिळालं असेल. जुनं यंत्र कधीच बदलू नका, असं मी तुम्हाला सांगणार नाही. एक दिवस माझेही डाग सुटतील, मग मला बदलावंच लागेल. तोवर अधूनमधून माझ्यावरची धूळ पुसा आणि वायर हिसका देऊन ओढू नका, एवढं पुरे.

पण मित्रांनो, एक मागणं आहे. तुमच्या घरात कुणीतरी असं असेल, जे पूर्वी खळखळून बोलायचं, गायचं, हाका मारायचं, आणि आता हळू बोलतं. ते हळू झालंय हे कदाचित त्यालाही ठाऊक नसेल. त्याला "जरा मोठ्यानं बोल" असं सांगू नका. त्याच्या कडेवर काय आहे ते बघा, आणि रोज थोडा वेळ ते आपल्या कडेवर घ्या. पुढचं त्याला येतं.